आयर्लंडला येते आहेस ना? मग गावच्या ‘टायडी टाउन्स’मध्ये जा

तू विचारलंस की नवऱ्याच्या नोकरीमुळे सप्टेंबरात कॉर्कजवळ बॅलिनकॉलिगला येते आहेस, साताऱ्याला अजिंक्यताऱ्यावर आणि सज्जनगडावर चार वर्षं प्लॅस्टिक वेचायच्या मोहिमा केल्यास, तर इथे तसं काही करता येईल का. परक्या बाईला घेतात का, काही परवानगी लागते का. आणि शेवटी हळूच, “पण तिकडे मुळात कचरा असतो का गं?”

शेवटच्यापासून सुरू करते. असतो. भरपूर असतो. मी चिपळूणहून २०१६ साली इथे किल्डेअरमधल्या एका छोट्या गावात आले, तेव्हा मलाही वाटायचं की ही माणसं जन्मजात शिस्तीची. मग एका रविवारी सकाळी सातला फिरायला बाहेर पडले. चिप्सच्या दुकानासमोर खोकी, कागदी पेले, अर्धवट खाल्लेलं बर्गर, बाटल्या. अकरा वाजता त्याच रस्त्याने परतले तर सगळं लख्ख. मधल्या वेळात पिवळी जाकिटं घातलेली चार म्हातारी माणसं तिथून गेली होती, एवढंच. तीच ही टायडी टाउन्सवाली मंडळी.

टायडी टाउन्स, म्हणजे ‘नीटनेटकी गावं’, ही मूळची सरकारी स्पर्धा. १९५८ साली इथल्या पर्यटन मंडळाने सुरू केली, पहिल्या वर्षी ५२ गावं उतरली आणि डोनेगलमधलं ग्लेन्टीज पहिलं आलं. आता दरवर्षी आठशेच्या वर गावं भाग घेतात. आपल्याकडच्या ग्रामस्वच्छता अभियानासारखं समज, फक्त इथे ग्रामपंचायत नाही तर गावातली हौशी समिती सगळं करते. परीक्षक उन्हाळ्यात न सांगता येऊन जातात, त्यामुळे जून-जुलैत गावात कुणी अनोळखी माणूस वही घेऊन फिरताना दिसला की आमच्या समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धावपळ उडते. एकदा तो बिचारा वीज मीटरवाला निघाला.

तुझं नशीब असं की तू जिथे जाते आहेस ते बॅलिनकॉलिग २०२४ साली अख्ख्या देशात पहिलं आलं. ली नदीकाठी जुन्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या जागेवर मोठी बाग आहे तिथे, ती बघशीलच. म्हणजे तुला समिती शोधावी लागणार नाही, समितीच तुला रस्त्यात दिसेल.

परवानगीचं विचारलंस. हातात चिमटा घेऊन संध्याकाळी तासभर कचरा वेचायला इथे तुझे कागद कुणी मागत नाही. नाव, फोन नंबर दे, कारण समितीचा विमा असतो आणि कामावर कोण होतं हे त्यांना माहीत असावं लागतं. मुलांबरोबर काम करायचं ठरलं, शाळेत जाऊन काही शिकवायचं वगैरे, तर मात्र गार्डा, म्हणजे इथले पोलीस, तुझी तपासणी करतात. त्यात काही आठवडे जातात, आणि भारतातले जुने पत्तेही विचारतात, तेव्हा ते लिहून ठेव. जाकीट, चिमटा, पिशवी उघडी धरायची गोल कडी, पिशव्या हे सगळं समिती देते. भरलेल्या पिशव्या ठरलेल्या जागी ठेवायच्या, कौन्सिलची गाडी उचलून नेते. सुई किंवा सिरिंज दिसली तर हात लावायचा नाही, जागा लक्षात ठेवून समितीला सांगायचं. हे पहिल्याच दिवशी सांगतात, पण तू गडावर हाताने काचा उचलणारी, म्हणून मीही सांगते.

आता खरं सांगायचं ते. पहिलं वर्ष काही सुचवू नकोस.

मी सुचवलं होतं. तिसऱ्याच आठवड्यात. आपल्याकडे मोहीम म्हणजे बॅनर, शंभर पोरं, ट्रॅक्टर, शेवटी गटाचा फोटो आणि भाषण. मी म्हटलं, अशी एक जंगी मोहीम करू. अध्यक्षीणबाई हसल्या, म्हणाल्या, “दॅट्स अ ग्रेट आयडिया, वी विल सी.” मी खूश. आठ महिने वाट पाहिली. इथे ‘वी विल सी’चा अर्थ ‘नाही’ असा होतो हे मला नंतर शेजारणीने सांगितलं. तोंडावर नाही म्हणणं यांना आपल्यापेक्षाही जड जातं. तसंच कुणी “यू आर व्हेरी गुड” म्हटलं तर ते तुझ्या चारित्र्याचं कौतुक नाही, नुसतं ‘आभारी आहे’.

त्यांची पद्धत वेगळी आहे आणि आता मला ती पटते. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, सहा जण येवोत की सोळा. एक रस्ता, एक तास, मग चहा. चहा म्हणजे दूध घातलेला, कडक, आपल्याला चालेल असा. कॉर्कमध्ये तर बॅरीज चहा सोडून दुसऱ्याचं नाव काढू नकोस, ते त्यांच्या गावचं दैवत आहे. या चहावरच खरं काम होतं. भाड्याचं घर, डॉक्टर कुठला, मुलाला कुठली शाळा, हे सगळं मला त्या चहावर कळलं. ऑफिसातल्या लोकांकडून नाही. आयरिश भाषेत अशा मिळून केलेल्या कामाला ‘मेहल’ म्हणतात, पूर्वी गवत कापायला, पीक काढायला शेजारी जमायचे ते. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे इर्जिक म्हणायचे, सगळे मिळून एकाचं शेत नांगरायचे आणि ज्याचं शेत तो जेवण घालायचा. त्या दिवसापासून मी ‘ती भारतातली’ राहिले नाही, सगळे मला नावाने ओळखू लागले. गाडगेबाबांचंही सांगितलं, दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. बाबा १९५६ साली गेले आणि इकडे हे १९५८ साली सुरू झालं. संबंध काही नाही, पण मला उगीच बरं वाटतं.

कचऱ्याचं स्वरूप तुला वेगळं दिसेल. प्लॅस्टिकच्या पिशव्या जवळजवळ नाहीत, कारण २००२ साली दुकानातल्या पिशवीवर १५ सेंट कर बसला आणि माणशी वर्षाला ३२८ पिशव्यांवरून वापर २१ वर आला. फेब्रुवारी २०२४ पासून बाटल्या आणि कॅनवर अनामत आहे: अर्ध्या लिटरपर्यंत १५ सेंट, त्यापुढे २५. सुपरमार्केटमधल्या यंत्रात रिकामी बाटली टाकायची की पैसे परत. चेपलेला कॅन यंत्र घेत नाही, त्यामुळे रस्त्यावर हल्ली आम्हाला नेमके चेपलेलेच सापडतात. काच आणि दुधाच्या बाटल्या यात धरत नाहीत. आमची समिती फुटबॉलच्या सामन्यांना डबा ठेवून कॅन गोळा करते आणि त्या पैशातून झाडं घेते. उरतं काय, तर कॉफीचे पेले, सिगारेटची थोटकं, व्हेप आणि कुत्र्याची शी. शेवटच्या गोष्टीवरून गावात जेवढी भांडणं होतात तेवढी निवडणुकीवरून होत नाहीत. रस्त्यात कचरा टाकला तर जागेवर १५० युरो दंड आहे, कोर्टात गेलं तर चार हजारांपर्यंत. कागदावर. रंगेहाथ पकडायला माणूस कुठून आणणार?

पेल्यांचं मात्र एक गाव करून दाखवतंय. केरीमधल्या किलार्नीत २०२३ पासून बहुतेक कॅफेंनी फेकून द्यायचे पेले बंद केले. आपला पेला आणा, नाहीतर अनामत भरून त्यांचा घ्या. कॉर्कहून दीड-दोन तासांवर आहे, जाऊन ये.

आता थोडं माझ्या फजितीबद्दल, म्हणजे तुझी तरी होणार नाही. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये मला जोर चढला. बसथांब्यामागचं झुडपांचं कुंपण वेडंवाकडं वाढलं होतं. मी घरून मोठी कात्री नेली आणि छाटायला लागले. सत्तरीचे एक आजोबा सायकलवरून उतरले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले की एक मार्च ते एकतीस ऑगस्ट कुंपण तोडायला कायद्याने बंदी आहे, पक्ष्यांची घरटी असतात. मी मेले लाजेने. ‘स्वच्छ’ म्हणजे काय हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळायला लागलं.

कारण टायडी टाउन्समध्ये आता नीटनेटकेपणाबरोबरच जैवविविधतेला आणि वस्तू कमी वापरण्यालाही गुण आहेत. आयर्लंडमध्ये मधमाश्यांच्या रानटी जाती शंभराच्या आसपास, त्यातल्या एक तृतीयांश धोक्यात. २०१५ मध्ये त्यासाठी देशभराची योजना आली, आणि तिचं सार म्हणजे: गवत कमी कापा. वसंतात डँडेलियनची पिवळी फुलं येतात, भुकेल्या मधमाश्यांचं ते पहिलं जेवण. ती राहू द्यायची. उशिरा एकदा कापायचं आणि कापलेलं गवत उचलून न्यायचं, म्हणजे जमीन फार सुपीक होत नाही आणि रानफुलं टिकतात. विकतची रानफुलांची पाकिटं टाकू नका असंही सांगतात, कारण मातीत आपल्या जागची बियाणी झोपलेली असतात. हे सगळं ऐकायला छान. प्रत्यक्षात दर बैठकीत दोन तट पडतात. एक जण म्हणतो गाव उजाड दिसतंय, तण माजलंय, परीक्षक काय म्हणतील. दुसरी म्हणते तण नव्हे, फुलं आहेत ती. आम्ही शेवटी कडेला एक पट्टा कापून मधला भाग वाढू दिला. कडा कापलेली दिसली की लोकांना कळतं, हे आळसाने नाही, मुद्दाम ठेवलंय. ही युक्ती लक्षात ठेव, तुला केव्हातरी लागेल.

वार्षिक सभा असते, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, अगदी आपल्या गणेशोत्सव मंडळासारखं. फरक असा की इथे खजिनदार व्हायला कुणी तयार नसतं. नव्याने आलेल्या, इंग्रजी बरं असलेल्या, एक्सेल येणाऱ्या माणसाकडे सगळ्यांचे डोळे वळतात. पहिल्या वर्षी नाही म्हण. म्हणजे काय म्हणायचं, ते तुला आता माहीत आहे: “वी विल सी.”

महाराष्ट्र मंडळ आहेच, गणपतीला जा, मोदक खा, रडावंसं वाटलं की त्यांच्यात जाऊन रड. पण फक्त तिथेच राहिलीस तर पाच वर्षांनीही तुझ्या गल्लीतला माणूस तुला ओळखणार नाही. लिओ वराडकर इथे दोनदा पंतप्रधान झाले, त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, हे मी आमच्या समितीत अभिमानाने सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग एकाने विचारलं, “आणि तू गुरुवारी येणार आहेस ना?”

सप्टेंबरात पोचशील तेव्हा देशभर किनारे साफ करायची मोहीम असते, ‘क्लीन कोस्ट्स’वाले घेतात. वेस्ट कॉर्कच्या एखाद्या किनाऱ्यावर नक्की निघेल. सुरुवात तिथून कर, अनोळखी माणसांत बोलायला सोपं जातं. नंतर थंडीत चार-साडेचारला अंधार पडतो, काम रोडावतं, तेव्हा मन खट्टू होऊ देऊ नकोस. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, सगळी भरपाई होते.

बूट तिथून आणू नकोस. रेनकोट तर मुळीच आणू नकोस, आपल्याकडचा पाऊस वरून खाली पडतो, इथला आडवा येतो.