हार्मोनवाली तांबी पडली, माझं काय चुकलं?

प्रश्न : मॅडम, वय ३९, दोन मुलं. पाळीत खूप रक्त जायचं, पिशवीत फायब्रॉइडची गाठपण आहे म्हणून हार्मोनवाली तांबी (पिशवीत बसवतात ते हार्मोन सोडणारं गर्भनिरोधक, रक्तस्रावही कमी करतं) बसवली आणि दोन महिन्यांत पाळीच्या वेळी ती आपोआप बाहेर आली. सासूबाई म्हणतात पाण्याचे हंडे उचललेस म्हणून पडली. खरंय का?

उत्तर : नाही हो, हंड्यांचा काही संबंध नाही! साधारण वीसजणींत एकीची तांबी अशी सरकते किंवा पडते, तेही जास्त करून पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत. तुमच्या बाबतीत कारण तुम्हीच लिहिलंय बघा. रक्तस्राव जास्त असला, गाठीमुळे पिशवीच्या आतली जागा वेडीवाकडी झाली असली की तांबी नीट टिकत नाही, म्हणजे गंमत अशी की जिला हिची जास्त गरज तिचीच पडायची शक्यता जास्त. बाळंतपणानंतर लगेच बसवली तरी धोका वाढतो, सिझरपेक्षा नॉर्मल डिलिव्हरीत जास्त. मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर काढताना आधी कडेला दाबून हवा सोडा, नुसता ओढू नका, तांबीचा दोरा सोबत येऊ शकतो.

परत बसवता येते, पण एकदा पडली की पुन्हा पडायचा चान्स जास्त असतो, म्हणून आधी सोनोग्राफीत गाठ नेमकी कुठे आहे ते बघून घ्या. आणि तोवर कंडोम वापरा, कारण तांबी पडली की संरक्षण संपलं. मागच्या काही दिवसांत संबंध आले असतील तर प्रेग्नन्सी टेस्टपण करून टाका.