दोन पात्रांची मैत्री जमते, पण खरी वाटत नाही, तेव्हा

तुम्ही आणि तुमचा सहलेखक पोस्ट लिहीत मिळून रचत असलेल्या कथेत तुमची हद्दपार झालेली चेटकीण आणि त्याचा राजनिष्ठ सैनिक तिसऱ्या पोस्टपर्यंत जिवलग झाले, दोघांच्या पार्श्वकथाही सविस्तर आहेत, तरी त्यांचे नाते वाचताना पोकळ वाटते, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते दोष पार्श्वकथांत नाही. या दोघांना एकमेकांकडून काहीच नको आहे, आणि म्हणून त्यांची मैत्री केवळ सोबतीपुरती उरली आहे.

प्रत्येक प्रसंगाआधी स्वतःला विचारा की माझ्या पात्राला समोरच्याकडून या घडीला काय हवे आहे आणि ते सरळ मागणे त्याला का जमत नाही. समजा, सीमा ओलांडण्यासाठी चेटकिणीला सैनिकाजवळची राजमुद्रा हवी आहे. मागितली तर ती कोण आहे हे उघड होईल, आणि चोरली तर तिच्या आजारपणात रात्रभर जागलेल्या माणसाला शिक्षा होईल. एवढे ठरले की त्या दोघांचे वाटेतल्या पावसाविषयीचे साधे बोलणेसुद्धा वाचक कान देऊन ऐकतो.

पात्राचा स्वभाव एका विशेषणात सांगण्याची सवय जुनी आहे. १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे साकारण्याच्या खेळात पात्राचा कल सुव्यवस्था, तटस्थता किंवा अराजक यांपैकी एका बाजूला असे, २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मात्र पात्राचे आदर्श, बंध आणि दोष वेगळे नोंदवायचे होते. सहलेखनात मला यांपैकी बंध आणि दोष अधिक मोलाचे वाटतात, कारण समोरच्या लेखकाला तिथेच हात घालता येतो. ‘ती शूर आहे’ यावर तो काय लिहिणार? ‘आपल्यावर कोणी उपकार केले की तिला ते सहन होत नाहीत’ यावर मात्र त्याला अनेक पोस्ट लिहिता येतील.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी ती समोरच्याचा प्रतिसाद त्याच्याकडेच ठेवण्याची. ‘तिच्या शब्दांनी त्याचे मन हेलावले’ हे वाक्य कितीही सुंदर असले तरी ते लिहिण्याचा अधिकार तुमचा नाही. दुसऱ्याच्या पात्राने काय केले किंवा त्याला काय वाटले हे आपणच लिहून टाकणे, ज्याला गॉडमोडिंग म्हणतात, ते केवळ लढाईत होते असे नाही, ते प्रेमाच्या प्रसंगांत अधिक होते आणि तिथे ते सहज लक्षातही येत नाही. ‘तिने मुद्रेकडे हात नेला आणि तो जागा आहे का हे पाहिले’ इथे थांबा. तो डोळे मिटून पडून राहिला, तिला अडवले किंवा मुद्रा स्वतःच तिच्या हातात ठेवली, यांपैकी काहीही घडू शकते, आणि त्या अनिश्चिततेतूनच नाते उभे राहते. त्याचप्रमाणे लेखक म्हणून तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट पात्राला ठाऊक नसू द्या. सैनिकाने तिच्याविषयी चुकीचा तर्क करावा आणि त्या तर्कावर काही काळ मनापासून वागावे.

जादूचेही भान हवे. मनातले वाचणारा किंवा प्रत्येक जखम क्षणात भरणारा मंत्र फुकट मिळत असेल, तर विश्वास ठेवणे आणि क्षमा करणे या दोन्ही गोष्टींना कथेत जागाच उरत नाही. अशा मंत्राला किंमत असावी, आणि ती दुसऱ्या पात्रालाही भोगावी लागावी.

पात्रे भांडत असताना लेखक दुखावले जात असतील, तर कथेबाहेर येऊन लगेच बोलावे. प्रणय आणि हिंसा यांच्या मर्यादा तर आधीच ठरवाव्यात.

तुमच्या तीन पोस्ट पुसण्याची गरज नाही. सहलेखकाला इतकेच विचारा की त्याच्या सैनिकाने एवढ्या लवकर मैत्री केली, ती त्याला या स्त्रीकडून काही हवे होते म्हणून तर नाही? त्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर ते काय हवे होते हे त्याने तुम्हाला सांगू नये आणि चौथी पोस्ट त्यानेच लिहावी.