वाचकांचे प्रश्न: माँटगोमेरीच्या बसेस, मतदार यादी आणि आपली वस्ती

या महिन्यात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली चार घेतलीत.

प्रश्न: ताई, आमचं इंदोऱ्यात छोटंसं वाचन मंडळ आहे. ब्लॅक लोकांच्या लढ्यावर फेब्रुवारीत कार्यक्रम घ्यायचा म्हणून राहिलो, पण रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्युथर किंग सोडून कोणाला काही सांगता येत नाही. काय ठेवायचं? — एक वाचक, इंदोरा

बसपासूनच सुरू करा नं, फक्त गोऱ्या प्रवाशासाठी रोझाबाई सीटवरून उठल्या नाहीत तिथे गोष्ट संपवू नका. त्यांना अटक झाली १ डिसेंबर १९५५ ला, आणि ५ तारखेला सकाळी अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात बसमध्ये ब्लॅक माणूस जवळपास दिसला नाही. मधल्या तीन-चार दिवसांत हे कसं जमलं ते सांगा लोकांना. जो अॅन रॉबिन्सन म्हणून कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या बाई होत्या, विमेन्स पॉलिटिकल कौन्सिल या ब्लॅक बायकांच्या संघटनेच्या अध्यक्ष, त्यांनी अटकेच्या रात्रीच कॉलेजात जाऊन स्टेन्सिल कापल्या, सायक्लोस्टाईलवर रात्रभर हजारो पत्रकं काढली आणि दुसऱ्या दिवशी ती गावभर वाटली गेली. हे एका दिवसात झालं कारण बायकांचं जाळं आधीपासून उभं होतं, मे १९५४ मध्येच त्यांनी महापौरांना लिहून कळवलं होतं की बसमधली वागणूक सुधारली नाही तर लोक बस सोडतील. मार्च १९५५ मध्ये क्लॉडेट कॉल्विन या १५ वर्षांच्या पोरीलाही सीटवरूनच अटक झाली होती, तिचं नाव आपल्याकडे कोणी घेतच नाही, आणि ज्या केसमुळे शेवटी बसमधला भेदभाव बेकायदा ठरला त्यात तीही फिर्यादी होती.

बहिष्कार चालला ३८१ दिवस. एवढे दिवस लोक कामावर गेले कसे? पायी गेले, आणि गाड्यांची अशी व्यवस्था बसवली की कुठून कोण किती वाजता कोणाला उचलणार हे ठरलेलं. पेट्रोलला पैसा लागतो, गाडीचा विमा लागतो, आणि विमे तर रद्द करून राहिले होते. जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीण बाई होत्या, त्या आणि त्यांच्या मैत्रिणी जेवणाचे डबे, केक, ‘पाई’ नावाचा गोड पदार्थ विकून दर आठवड्याच्या सभेत पैसे आणून द्यायच्या, आणि गटाचं नाव ठेवलं ‘कुठूनच नाही क्लब’, म्हणजे पैसे कुठून आले विचारलं तर खरं उत्तर देता यावं आणि गोऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या एकाही बाईचं नाव बाहेर येऊ नये. मला विचाराल तर किंगसाहेबांच्या भाषणापेक्षा या बाईंना जास्त वेळ द्या. भाषण ऐकायला माणसं वर्षभर येत राहिली ती असल्या कामामुळे.

आणि हे सभेत नक्की सांगा, १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्याकडे दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले तेव्हा तिकडे माँटगोमेरीत लोक अजून पायीच चालून राहिले होते. तो बहिष्कार संपला त्याच वर्षीच्या २० डिसेंबरला.

फेब्रुवारीबद्दल एक. कार्टर वुडसन या ब्लॅक इतिहासकारांनी १९२६ मध्ये ब्लॅक इतिहासाचा सप्ताह सुरू केला तो फेब्रुवारीत, कारण लिंकन आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांची जयंती लोक त्या दिवसांत तशीही साजरी करायचे. लोक जिथे आधीच जमतात तिथे इतिहास न्यायचा, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. म्हणून मी तर म्हणीन फेब्रुवारीचा हट्ट सोडा, ११ ते १४ एप्रिलमध्ये घ्या, फुले जयंती ते बाबासाहेबांची जयंती, वस्ती अशीही जागी असते.

प्रश्न: १९६५ ला मतदानाचा कायदा झाला, मग ते लोक अजून काऊन लढून राहिले? — एक विद्यार्थी, कामठी

कारण मतदानाचा हक्क त्याच्याही आधी, १८७० मध्येच घटनेत लिहून झाला होता. रंगावरून मत नाकारता येणार नाही असं पंधरावी दुरुस्ती सांगते, तरी दक्षिणेतल्या राज्यांनी वाचनाची परीक्षा, मतदानाचा कर, कारकुनाच्या मर्जीचे प्रश्न आणि उघड मारहाण असं सगळं वापरून लोकांना यादीबाहेरच ठेवलं. मिसिसिपीत १९६५ च्या आधी ब्लॅक मतदारांची नोंदणी ७ टक्क्यांच्याही खाली होती, कायद्यानंतर दोन-तीन वर्षांत ती ६० टक्क्यांच्या आसपास गेली.

पण त्या कायद्याच्या आधीची तयारी बघ. साउथ कॅरोलिनात जॉन्स बेटावर १९५७ मध्ये दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांचा वर्ग सुरू झाला, पुढे दुकान ठेवलं म्हणजे गोऱ्यांना संशय यायला नको. शिकवायला बर्निस रॉबिन्सन, त्यांचं स्वतःचं ब्युटी पार्लर, म्हणजे नोकरीवरून काढणारा मालकच नाही. या कामामागे होत्या सेप्टिमा क्लार्क, त्यांची स्वतःची शिक्षिकेची नोकरी एनएएसीपी या ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सदस्यत्व सोडलं नाही म्हणून गेली होती. वर्गात काय शिकवायचे? सही करणं, मनीऑर्डरचा फॉर्म भरणं, आणि मग मतदार नोंदणीच्या परीक्षेत विचारतात ते राज्यघटनेचे तुकडे. पुढे असे वर्ग दक्षिणेत ठिकठिकाणी चालले.

कायद्यातलं सगळ्यात दमदार कलम होतं पाचवं, ज्या राज्यांचा इतिहास वाईट त्यांनी निवडणुकीचा कुठलाही नियम बदलायच्या आधी केंद्राची परवानगी घ्यायची. कोणती राज्यं ते ठरवणारं सूत्र २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केलं, त्यामुळे कलम पुस्तकात राहिलं आणि लागू कोणालाच होईना. टेक्सासने त्याच दिवशी मतदार ओळखपत्राचा कडक कायदा लागू करतो म्हणून जाहीर केलं. नॉर्थ कॅरोलिनाने आधी कोण कसं मत देतं याची वंशानुसार आकडेवारी मागवली आणि मग लवकर मतदानाचे दिवसच १७ चे १० केले, ब्लॅक लोकांचा चर्चमधून थेट मतदानाला जायचा एक रविवारही त्यात गेला. तो कायदा पाडायला कोर्टात २०१६ उजाडलं. तीन वर्षं वकील, साक्षीदार, कागदपत्रं, आणि तेवढ्यात एक निवडणूक होऊन गेली. मला याचाच राग येतो, नियम बदलायला एक दुपार पुरते आणि तो मागे घ्यायला लोकांची वर्षं जातात. म्हणून लढून राहिले बाबा. तूही १८ चा झाला असशील तर फॉर्म ६ भर आणि घरच्या सगळ्यांची नावं यादीत आहेत का ते निवडणूक लागायच्या आधी बघून घे.

प्रश्न: बाबासाहेबांचा या लोकांशी संबंध आला होता का? — एक वाचक, बेझनबाग

हो. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस या ब्लॅक विचारवंतांना पत्र लिहिलं, नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे न्यायचा विचार होता. ड्युबॉइस यांनी जुलैत आपुलकीने उत्तर दिलं. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून नाव घेऊन. देवाणघेवाण जुनी आहे.

प्रश्न: आमच्या वस्तीतले १९५६ ला दीक्षा घेतलेले आजी-आजोबा आता मोजकेच उरले. त्यांचं सांगणं जपायचं आहे, पैसे नाहीत. — एक वाचक, कामठी रोड

पैशासाठी थांबू नका, मोबाईलवर रेकॉर्ड होतं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात तल्सा शहरात १९२१ मध्ये ग्रीनवूडची अख्खी ब्लॅक वस्ती जाळली गेली आणि दशकानुदशकं शाळेच्या पुस्तकात त्यावर धड ओळ नव्हती, राज्याचा आयोग बसला १९९७ मध्ये, तोवर बघणारे बहुतेक गेलेले. फ्लोरिडाने २०२३ मध्ये हायस्कूलसाठीचा ‘आफ्रिकन अमेरिकन स्टडीज’ हा नवा अभ्यासक्रम नाकारला, म्हणजे पुस्तकाच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

प्रश्न लहान विचारा. त्या दिवशी काय नेसल्या होत्या, मैदानापर्यंत कशा आल्या, भाकरी कोणी बांधून दिली, घरच्या देवांचं काय केलं. एकदम ‘तुमचा संघर्ष सांगा’ म्हटलं की माणूस भाषण देतो. बोलताना मध्ये तोडू नका, सुरुवातीलाच नाव, गाव आणि तारीख रेकॉर्डमध्ये बोलून घ्या, आणि हे कुठे वापरायचं त्याची परवानगीही तिथेच विचारा. फाईल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एकाच्याच फोनवर नको. जुना फोटो मिळाला तर घरच्यांसमोर स्कॅन करून ओरिजिनल त्याच दिवशी परत द्या, आणि फोटोतल्या माणसांची नावं तेव्हाच वहीत उतरवून घ्या.