शब्दांची विचारपूस : ‘फ्लाग्राँ’

प्रश्न : फ्रेंच बातम्यांत ‘फ्लाग्राँ देली’ असा शब्दप्रयोग वारंवार येतो. ‘फ्लाग्राँ’ म्हणजे ‘गंभीर’ का? हे विशेषण वापरायचे कसे?

उत्तर : ‘गंभीर’ नव्हे. गुन्हा लहान असो वा मोठा, तो डोळ्यांदेखत घडतो आहे, एवढेच यातून कळते. शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये, ‘जळणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. म्हणजे कृत्य अजून पेटलेले असतानाच पकडले! आपला ‘धडधडीत’ इथे किती चपखल बसतो पाहा. त्यातही धडधडून पेटलेली आग आहेच. ‘मांसाँज फ्लाग्राँ’ म्हणजे धडधडीत खोटे. ‘प्री आँ फ्लाग्राँ देली’ म्हणजे रंगेहाथ पकडलेला.

फ्रेंच फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५३ नुसार घडत असलेला किंवा नुकताच घडलेला गुन्हा ‘फ्लाग्राँ’ ठरतो. कलम ७३ प्रमाणे अशा गुन्ह्याला कैदेची शिक्षा असेल, तर कोणीही नागरिक आरोपीला धरून जवळच्या पोलीस अधिकाऱ्यापुढे नेऊ शकतो.

विशेषण सहसा नामानंतर येते. ‘फ्लाग्राँ देली’ या रूढ जोडीत मात्र आधी. पुल्लिंगात शेवटचा ‘त’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. स्त्रीलिंगात तो ऐकू येतो : ‘अँझ्युस्तीस फ्लाग्राँत’, ढळढळीत अन्याय. नवशिके हमखास इथेच चुकतात. दुसरी चूक ‘फ्राग्राँ’ म्हणण्याची. त्याचा अर्थ सुगंधी!

आणि दोषच हवा असेही नाही. दोन चेहऱ्यांतले ठळक साम्यही ‘फ्लाग्राँत’ असू शकते.