घर आमचं, ठोकाठोक शेजाऱ्यांना

प्रश्न: ठाण्यातली आमची इमारत चाळीस वर्षांची आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात बाथरूम पूर्ण उकरून नवं करायचंय, स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंतही काढायचीय. खाली अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, शेजारची मुलगी दहावीला. गेल्या वर्षी चौथ्या मजल्यावरच्यांनी अडीच महिने डोकं उठवलं होतं, तसं आमच्याकडून व्हायला नको. कंत्राटदार म्हणतो, रोज थोडं थोडं तोडू, म्हणजे कुणाला जाणवणार नाही. पटतं का तुम्हाला?
– एक वाचक

उत्तर: नाही पटत, ताई. अडतीस वर्षं साइटवर सुपरवायझर होतो. ‘रोज थोडं थोडं’ म्हणजे तेच दोन गडी तीन कामांवर फिरवायची सोय, हे मी आतून पाहिलंय. चौथ्या मजल्याचे अडीच महिने असेच झाले असणार.

उलट करा. सगळी तोडफोड एकदम उरका. सारखे आवाज करणारी दोन यंत्रं एकत्र चालली की आवाज दुप्पट वाटत नाही, साधारण 3 डेसिबलने चढतो. दिवस मात्र कमी होतात. गड्यांची एक जोडी बाथरूमला, एक भिंतीला लावा. तोडायचे तास 10 ते 1 आणि 4 ते 6. कायद्याने दिवस सकाळी 6 ते रात्री 10 असतो, निवासी भागाची मर्यादा 55 डेसिबलची. पण ब्रेकरपुढे, म्हणजे फोडायच्या यंत्रापुढे, 55 चं काय घेऊन बसलात! वेळ ठरवा, आजोबांच्या घरी स्वतः जाऊन सांगा, आणि 1 वाजता मिस्त्री ‘एवढा कोपरा राहिलाय’ म्हणाला तरी प्लग काढा. दहावीच्या मुलीसाठी फेब्रुवारीच्या आत ठोकाठोक संपवा. रंग, प्लंबिंगचा उरलेला भाग नंतर निवांत होऊ दे.

भिंतीला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि सोसायटीची परवानगी घ्या. जुन्या इमारतीत नऊ इंची भिंत वरचा भार पेलत असू शकते. तसं असेल तर भिंत राहू दे, बाथरूमवर भागवा. साधी पार्टिशनची निघाली तर वरून एकेक थर छिन्नीने सोडवत खाली या. ढकलून पाडली की खालच्यांच्या छताचे पोपडे पडलेच. फरशीवर जुनी गादी, तिच्यावर गोणपाट. भरलेली गोणीसुद्धा आपटायची नाही, अर्धीच भरायची, तोंड बांधून उतरवायची.

ब्रेकरचा आवाज हवेतून जातो त्याहून कॉलम-बीममधून जास्त फिरतो, म्हणून दोन मजले वरचा माणूस ‘आमच्याच घरात चाललंय’ म्हणून भांडायला येतो. बाथरूमची जमीन उकरण्याआधी भिंतीच्या कडेने कटरने खाच मारून घ्या, हादरा बराच तुटतो. पाइपची भोकं ठोकून नकोत, डायमंड कोअरने, म्हणजे गोल कापत जाणाऱ्या यंत्राने, पाडून घ्या. पैसे जरा जास्त पडतात, पण स्लॅबही वाचतो.

धुळीचं मी एकदा भोगलंय. सदाशिव पेठेत वाडा उतरवत होतो, मे महिना. पाण्याचा टँकर उशिरा आला आणि मुकादमाने वाट न पाहता भिंत पाडली. अर्ध्या तासाने शेजारच्या काकू ताट घेऊन आल्या. त्यात गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, विटकरी रंगाच्या. काही बोलल्या नाहीत, ताट माझ्या हातात ठेवलं आणि गेल्या. त्यानंतर पाणी आल्याशिवाय मी घण उचलू दिला नाही.

तुमच्याकडे मात्र पाणी जपून. पंपाने फवारा मारा, बादली ओतू नका. जुनं वॉटरप्रूफिंग फुटलं की तेच पाणी आजोबांच्या बाथरूममध्ये ठिबकतं. दाराला बाहेरून ओली चादर लावा, केर कोरडा झाडू नका. आणि नहाणी ट्रॅपचं, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतलं पाणी जायचं, तोंड पहिल्याच दिवशी गोणपाटाने बुजवा. सिमेंटचा गाळ आत गेला तर सगळ्या मजल्यांची लाइन तुंबते, आणि मग तुमच्याशी कोण बोलेल?

नवं वॉटरप्रूफिंग झालं की टाइल लावण्याआधी 48 तास पाणी भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन आजोबांच्या बाथरूमचं छत तुम्ही स्वतः बघा, मिस्त्रीवर सोडू नका. टॉर्च न्या, कोपऱ्यातली ओल नुसत्या बल्बच्या उजेडात दिसत नाही.