वडिलांच्या वर्षश्राद्धाला गीतेचा पंधरावा अध्याय मराठी अर्थासह छापून फुकट वाटायचा आहे. अर्थ कुठल्याही पुस्तकातून घेतला तर चालेल का?

श्लोक खुशाल छापा, त्यांच्यावर कोणाचाच हक्क नाही. अर्थाचं मात्र तसं नाही. अनुवादकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूचं वर्ष संपल्यावर पुढे ६० वर्षं त्याच्या अनुवादावर कॉपीराइट असतो. तो त्याच्याकडे, वारसांकडे किंवा त्याने ज्या संस्थेला लिहून दिला तिच्याकडे राहतो. इस्कॉनचे संस्थापक प्रभुपाद यांच्या पुस्तकांबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितलं: मूळ धर्मग्रंथावर मालकी नाही, पण त्यांनी केलेला अनुवाद आणि विवेचन यांना संरक्षण आहे.

फुकट वाटताय म्हणून सूट मिळत नाही. श्राद्धाच्या वेळी मोठ्याने वाचायला हरकत नाही, धार्मिक विधीतल्या वाचनाला कायदाच मुभा देतो. छपाईला ती नाही.

मी छापखान्यात प्रुफं वाचतो. अशा पुस्तिका नेहमी हातात येतात. पहिल्या पानावर कैलासवासींचा फोटो, मागे मुद्रकाचं नाव, आणि अर्थ लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या अध्यायाचा पहिलाच श्लोक घ्या. त्यातला ‘अश्वत्थ’ कोणी ‘पिंपळ’ करतो, कोणी ‘संसारवृक्ष’, कोणी तसाच ठेवतो. पुढे ‘छन्दांसि यस्य पर्णानि’ आलं की छंद म्हणायचं की वेद, हेही ठरवावं लागतं. असे वीस श्लोक. ही त्या माणसाची मेहनत आहे.

आता तुमच्यापुरतं. लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’त (१९१५) सगळ्या श्लोकांचं मराठी भाषांतर आहे. टिळक १९२० साली गेले, त्यामुळे ते निर्धास्त घ्या. फक्त जुन्या आवृत्तीवरून टाइप करा. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा दुसऱ्या कोणाच्या असू शकतात. भाषा थोडी जुनी वाटेल. विनोबांची ‘गीताई’ हवी असेल, तर ते १९८२ साली गेले, म्हणजे हक्क २०४२ अखेरपर्यंत आहे. पुस्तकाच्या आतल्या पानावर प्रकाशकाचा पत्ता असतो, त्यावर पत्र टाका. कोणता अध्याय, किती प्रती, विनामूल्य वाटप, एवढं लिहा आणि उत्तर येईपर्यंत छापखान्यात मजकूर देऊ नका. कोणाचाही अनुवाद घेतलात तरी त्याचं नाव अध्यायाच्या मथळ्याखालीच येऊ द्या.