‘नाइस’ला दुसरं काय म्हणू?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही दांडिया बाजारात राहतो, माझी नात सातवीत आहे, इंग्लिश मीडियमला. दिवाळीच्या सुट्टीवर निबंध लिहून नेला तर बाईंनी सहा ठिकाणी ‘नाइस’ भोवती लाल गोल केला आणि खाली लिहिलं, दुसरे शब्द वापर. ट्रिप नाइस, सेव-उसळ नाइस, काकांचं नवीन घर नाइस, आजी पण नाइस. आता ती मला विचारते, आजी, नाइस म्हणजे छान ना, मग चुकलं काय? मला काही सांगता येईना. ह्या शब्दाचे अर्थ तरी किती, त्याच्या जागी काय काय लिहिता येतं, आणि आपल्या मराठीत काय म्हणायचं?
— एक आजी, वडोदरा

उत्तर : आजी, आधी नातीला सांगा की तिचं काही चुकलेलं नाही. स्पेलिंग बरोबर, वाक्य बरोबर. बाईंनी गोल केला तो एवढ्यासाठी की नाइस वाचून एकच गोष्ट कळते, मुलीला आवडलं. काय आवडलं ते नाही कळत. सेव-उसळ पण नाइस आणि आजी पण नाइस म्हटलं की दोघी एका ताटात बसल्या, आणि आजी काही उसळीसारखी चटकदार असते म्हणून आवडत नाही ना.

ह्या शब्दाची गोष्ट मात्र तिला जरूर सांगा, मुलं अशी गोष्ट विसरत नाहीत. नाइस मुळात लॅटिनमधल्या ‘नेस्कियस’वरून आला, ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणं, तर नेस्कियस म्हणजे ज्याला काही कळत नाही तो, अडाणी. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि साधारण १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला तेव्हा नाइस माणूस म्हणजे चक्क मूर्ख माणूस! आणि गंमत बघा, त्याच ‘स्किरे’वरून सायन्स शब्द झालाय, म्हणजे सायन्स आणि नाइस एकाच घरातले, एक जाणणारा आणि एक न जाणणारा. मग शे-दोनशे वर्षं हा शब्द वाटेल तसा फिरला, मूर्खावरून लाजरा, नखरेल, चोखंदळ, नाजूक, आणि तिथून बारकाव्याचा, अचूक. हा शेवटचा अर्थ अजून जिवंत आहे, ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे छान फरक नव्हे, बारीक फरक, आणि ‘नाइसिटीज’ म्हणजे बारकावे. छान, आवडण्यासारखा हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला आणि माणसाबद्दल ‘प्रेमळ, चांगला वागणारा’ हा त्याच्याही नंतरचा.

म्हणजे आजच्या इंग्रजीत मुख्य अर्थ तीन धरा. वस्तू किंवा प्रसंग आवडण्यासारखा, माणूस वागायला चांगला, आणि तिसरा तो बारकाव्याचा. शिवाय एक बोलण्यातली लकब आहे, ‘नाइस अँड हॉट’, म्हणजे चहा छान गरमागरम, तिथे नाइसचं काम फक्त पुढच्या शब्दाला जोर द्यायचं.

आता त्याच्या जागी काय. इथे मला पाठ करायची यादी द्यायची नाहीये कारण मी बावीस वर्षं शिकवलंय आणि यादी दिली की मुलं पहिला शब्द उचलून परत सगळीकडे तोच लावतात, नाइस गेलं आणि अमेझिंग आलं, फरक काय पडला? त्यापेक्षा नातीला जवळ बसवा आणि विचारा, काय नाइस होतं? सेव-उसळीचंच घ्या. गाडीवर उभं राहिलं, वाटाण्याची पातळ उसळ, वर ती लाल तरी, मूठभर शेव, कांदा, कोथिंबीर, लिंबू, सोबत पाव, आणि पहिल्या घासाला शेव अजून कुरकुरीत असते आणि शेवटच्या घासाला रश्शात विरघळलेली. ह्यातलं काय आवडलं? तिखट आवडलं तर ‘स्पायसी’, कुरकुरीतपणा आवडला तर ‘क्रंची’, आंबट-तिखट मिळून जी मजा येते तिला ‘टँगी’, आणि नुसतीच चव तर ‘टेस्टी’ किंवा ‘डिलिशस’. पाचही शब्द तिला येत असणार, फक्त नाइस आधी तोंडात येतं.

तसंच आजीचं. आजी गोष्टी सांगते, भांडण मिटवते, ताप आला की रात्रभर उशाशी बसते, हे ‘काइंड’ आणि ‘केअरिंग’. पाहुण्याशी अदबीने बोलतो तो ‘पोलाइट’, सगळ्यांशी पटकन मैत्री करतो तो ‘फ्रेंडली’, आणि न सांगता दुसऱ्याची गरज ओळखतो तो ‘थॉटफुल’, हा शब्द तिला नवीन असेल तर नक्की शिकवा, फार सुंदर शब्द आहे. घर हवेशीर असेल तर ‘एअरी’, लहानसं पण ऊबदार असेल तर ‘कोझी’, ऐसपैस असेल तर ‘स्पेशियस’. हवा ‘प्लेझंट’, ट्रिप ‘एन्जॉयेबल’, कपडे ‘स्मार्ट’ किंवा ‘एलिगंट’, अक्षर ‘नीट’. पण आजी, एक मी बाईंच्या विरुद्ध सांगते, सगळे नाइस खोडायची गरज नाही. ‘हाऊ नाइस ऑफ यू’ म्हणतो तिथे नाइसच शोभतं. सहापैकी एक राहू द्या.

मराठीचं विचारलंत ते वाचून मला फार बरं वाटलं, कारण इंग्रजीत नाइसने जे केलं तेच आपल्याकडे ‘छान’ने आणि ‘मस्त’ने केलंय. मस्त हा फारसी शब्द, मूळ अर्थ नशेत धुंद, म्हणून हत्ती मस्तीत येतो म्हणतात. तो शब्द आता पोहे, सिनेमा, रिझल्ट सगळ्याला चालतो. उलट ‘बरा’चं नशीब बघा, संस्कृत ‘वर’ म्हणजे निवडलेला, श्रेष्ठ, त्याचा बरा झाला आणि आता परीक्षेत बरे मार्क म्हटलं की आईचा चेहरा पडतो. तरी ‘बरं झालं आलास’ ह्यात त्याचा जुना मान अजून शाबूत आहे.

आणि आपण तर बडोद्याचे, आपल्याकडे ‘सरस’ आहे! पुण्याकडे सरस म्हणजे दोघांत जास्त चांगला, हा त्याच्यापेक्षा सरस. मूळ संस्कृत अर्थ रसाने भरलेला. गुजरातीत तोच शब्द रोजचा, साधा ‘छान’, आणि आपण घरात मराठी बोलताना पण सर्रास म्हणतो, आज वरण सरस झालंय. पुण्याची भाची आली होती ती विचारायला लागली, कोणापेक्षा सरस? मी म्हटलं कोणापेक्षा नाही गं, नुसतंच सरस. हे बडोद्याचं मराठी आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त बाहेरच्याला लिहिताना लक्षात ठेवायचं.

बाकी मराठीत शब्दांची काय कमी आहे, जेवण खमंग, चविष्ट, रुचकर, रांगोळी रेखीव, सुबक, स्वभाव सालस, लाघवी, मनमिळाऊ, काम नेटकं, अक्षर वळणदार, हवा आल्हाददायक. नातीला एक वही करायला सांगा, पानाचे तीन भाग, इंग्रजी, मराठी, गुजराती, आणि आवडलेली एकेक गोष्ट तिन्हीत लिहायची. शब्द असे शेजारी शेजारी मांडणं ह्या गावाला नवं नाही, सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढला होता. तुमची वही तीनच भाषांची, आठवड्याला पाच शब्द पुरे.

प्रश्न : ऑसम म्हणजे एकदम भारी आणि ऑफुल म्हणजे एकदम वाईट, पण दोन्हीत ‘ऑ’ आहे. मूळ एकच का?
— कॉलेजचा विद्यार्थी, रावपुरा

उत्तर : हो, एकच. ‘ऑ’ म्हणजे भीती आणि आदर मिळून जे वाटतं ते, डोंगराएवढ्या लाटेसमोर उभं राहिल्यावर वाटतं तसं. दोन्ही शब्दांचा अर्थ आधी तोच होता. मग ऑफुल घसरत वाईटाकडे गेला, आणि ऑसम गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तरुणांच्या बोलण्यात ‘भारी’ झाला. टेरिफिक पण असाच, सतराव्या शतकात भीतीदायक, एकोणिसाव्याच्या शेवटी उत्कृष्ट. तुम्हाला नवल वाटत असेल तर आपलंच आठवा, ‘भयंकर सुंदर’ म्हणतोच की आपण, आणि ऐकणारा घाबरत नाही. फक्त परीक्षेच्या पेपरात ऑसम लिहू नका, ‘एक्सलंट’ किंवा ‘इम्प्रेसिव्ह’ लिहा, मित्रांत काय हवं ते बोला.

प्रश्न : फ्रान्समधल्या शहराचं स्पेलिंग पण नाइसचंच आहे. तो हाच शब्द का?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : नाही. त्याचा उच्चार ‘नीस’. ते गाव ग्रीक लोकांनी वसवलं आणि नाव पडलं विजयाच्या ग्रीक शब्दावरून, ‘नाइकी’वरून. स्पेलिंग जुळलं, नातं नाही.